जाड का बारीक

कुणी हे वाचलंच, तर माझं वेडंवाकडं अक्षर आणि चुका पोटात घाला.

आज गिरणीत नाचणीच्या ऊन पिठाचा वास आला आणि काही वर्षांपूर्वी नारायणगावच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारी बसलेली माझी लेक सुमन आठवली. दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीत तिला स्वतः बनवलेलं एसटीच्या वेळांचं पान दाखवायचं होतं. पण गावाचं नाव लिहिलं तरी ब्राउझर सगळ्याच गावांच्या गाड्या दाखवी. ती रडकुंडीला आली, मग एकदम हसली.

"आये, दळण झाल्यावर जाड का बारीक सांगून उपेग हाय का? पान मांडून झाल्यावर मी स्टाइलशीटला, म्हंजी पान कसं मांडायचं ते सांगणाऱ्या फायलीला, गावाच्या नावाचा पॅरामीटर देत व्हते!"

तिनं नाव आधी दिलं. पडद्यावर एकटं तळेघर उरलं. चारचौघांत तोंड न उघडणारी मी ओरडले, "आपलं तळेघर!" सगळे वळून बघायला लागले. मी लाजून पदर ओढला.

आज मात्र गिरणीवाल्यानं विचारायच्या आधीच मी म्हणाले, "बारीक दळा, भाऊ. सुमनच्या कंपनीला सुट्टी हाय, ती यायचीय."