आंब्याच्या आधी

माझ्या सासूइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते.

माझं माहेर भद्रावतीचं. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, त्यामुळे धर्मातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा तोरा. लग्न करून आले ती थेट आलापल्लीच्या पुढच्या जंगलात, एका गोंड गावात. नवरा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यानं लग्नाआधीच बाप्तिस्मा घेतला होता, सासूनं नव्हता घेतला. ती रविवारी आमच्याबरोबर प्रार्थनाघरात यायची, दाराजवळच्या चटईवर बसायची आणि मुलगा गोंडीत सांगेल तेवढं ऐकायची. एका रविवारी हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट झाली. घरी येऊन ती म्हणाली, "हा देव माह्या. म्या बकऱ्या चारल्या. एकीसाठी असं कोणी जात नाई." आणि तिनं बाप्तिस्मा मागितला.

सन पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. उन्हाळा लागला होता. आमच्या प्रार्थनाघराचे पाळक तरुण, नागपूरकडून नुकतेच आलेले, मनाचे स्वच्छ. पण 'संपूर्ण समर्पण' हे दोन शब्द त्यांच्या तोंडी सारखे असायचे. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की ही बाई पंडुमच्या आधी कैरीला तोंड लावत नाही. पंडुम हा गावाचा सण. नवा आंबा आधी गावदेवाला दाखवायचा, मग सगळ्या गावानं मिळून खायचा. तोवर लहान पोरंसुद्धा कैरी खात नाहीत.

बाप्तिस्म्यासाठी नदीवर जायच्या आदल्या रविवारी पाळकांनी सगळ्यांसमोर कैरीची फोड तिच्यापुढे धरली. "आजी, जुनं सगळं सोडलं ना? मग हे खाऊन साक्ष द्या."

तिनं फोडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "त्यानं जीव मांगतला. जीव माह्या होता, देल्ला. आंबा गावाचा आहे बाबू. तो म्या कसा देऊ?"

बाप्तिस्मा राहिला. बाहेर आल्यावर मी पाळकांना गाठलंच. "प्रभूशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोरानं काय सोडलं होतं हो? माझी आठवण ठेव, एवढंच म्हणाला. त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला की नाही?"

ते शांतपणे म्हणाले, "आणि त्या श्रीमंत तरुणाला प्रभूनं काय सांगितलं, ताई? सगळं विकून ये. देवाला अर्धं मन चालत नाही."

मला आणखीच चीड आली. माझ्या सासूचं मन अर्धं? घरभर आदळआपट केली. नवरा म्हणाला, "तू काऊन तापून राह्यली? माय तापली काय?"

माय तापली नव्हती. पण एकदा मोहफुलं वाळत घालताना तिनं मान वर न करता विचारलं, "म्या मेल्यावर तो मले ओळखन ना?" "ओळखेल," मी म्हटलं, आणि घरात जाऊन रडले.

पुढे वर्षभर तिनं एक रविवार चुकवला नाही. नाल्याला पूर आला की आम्ही जन्माचे ख्रिस्ती पाऊस उघडायची वाट बघत घरी बसायचो. ही लुगडं गुडघ्यावर खोचून पलीकडे पोचलेली असायची. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांनाच. त्या वेळी भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे जायचं, मनुका उकळून केलेल्या रसाचा पेलाही जायचा. ती पदर सारखा करायची आणि पुढचं गीत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, बेसूर म्हणायची. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की मीही बेसूर होऊन तिच्याबरोबर म्हणायचे. पाळक हे सगळं बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे जेवायला आले. माहेराहून एसटीनं कैऱ्या आल्या होत्या. मी मुद्दाम चटणी वाटली आणि भाताशेजारी वाटीत वाढली. मनात म्हटलं, आता तुम्ही द्या साक्ष, माझ्या सासूसमोर. वर्षभर साठवलेली चार-पाच वाक्यं जिभेवर तयार होती.

पाळकांचा हात वाटीपाशी थांबला. ते सासूकडे वळले. "आजी, गावात पंडुम झाला काय?"

"नाई अजून."

त्यांनी वाटी बाजूला सरकवली आणि नुसत्या वरणाशी भात कालवला. माझी सगळी वाक्यं फुकट गेली.

सासू त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. "मंग माह्यं पाण्याचं कवा करता? आंब्याच्या आधी का नंतर?"

हातातला घास त्यांनी खाली ठेवला. "आधी, आजी. या रविवारी."

त्या रविवारी नदीच्या काठावर गावातल्या बायाही आल्या होत्या, गावदेवाच्या पुजाऱ्याची बायकोसुद्धा. माझी सासू पाण्यातून वर आली तेव्हा मी मान ताठ करून उभी होते, जणू बाप्तिस्मा माझाच झाला होता. मग प्रार्थनाघरात ताट फिरलं आणि या वेळी तिच्यासमोर थांबलं. तिनं भाकरीचा तुकडा उचलला, ओल्या पदरावर ठेवून क्षणभर पाहिला.

"हे माह्यं आहे," ती मला म्हणाली, आणि खाल्लं.