शेपटीतला खालचा नट

जर्मनीत हायडेलबर्गला तनया या लेकीकडे राहायला आल्यापासून शरदचंद्र वाघुळदे यांनी निवृत्त लढाऊ विमानांचे तीन हजारांवर फोटो काढले होते. म्हाताऱ्याला बरा छंद लागला, असं शेजाऱ्यांना वाटे. तनयालाही तसंच वाटे. कॅमेरा तिनेच घेऊन दिला होता, आणि महिन्यातून एका शनिवारी ती त्यांना गाडीने तासाभरावरच्या विमानसंग्रहालयात नेई.

रंगरंगोटी करून मांडलेल्या विमानांपाशी ते फार रेंगाळत नसत. अमेरिकेत जुनी विमानं वाळवंटात ठेवतात, तिथे ती वर्षानुवर्षं कोरडी राहतात. इथे मागच्या कुंपणाआड पंख उतरवलेले सांगाडे पावसात गवतावर टेकलेले असत, काचांच्या कडांना शेवाळ धरलेलं. त्यांत पूर्व जर्मनीच्या हवाई दलाचं रशियन बनावटीचं एक विमान होतं. शरदचंद्रांनी तरुणपणी भारतात ज्यांच्यावर काम केलं, त्याच जातीचं.

ते तिकडे दुरुस्ती कारखान्यात तपासनीस होते. १९८८च्या फेब्रुवारीत, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या जागी त्यांना अकरा दिवस शेपटीच्या विभागात बसवलं. शेपटीचा पंख हलवणाऱ्या दांड्यावर तिथे दोन नट असतात, एकाखाली एक. हादऱ्यांनी सुटू नयेत म्हणून ते बारीक तारेला पीळ देऊन जखडतात. तपासनिसाने ती तार चाचपून नव्हे, डोळ्यांनी पाहायची आणि मगच सही करायची, असा नियम. शरदचंद्रांनी बाजूच्या तळहाताएवढ्या झडपेतून बॅटरी आणि दांडीचा आरसा आत घातला, पाहिलं, सही केली.

सहा दिवसांनी ते विमान कोसळलं. त्यात श्रीपाद नावाचा सव्वीस वर्षांचा वैमानिक गेला. सगळं जळून गेलं होतं. चौकशीत त्यांना एकच प्रश्न विचारला, तार पाहिली होती का? ते हो म्हणाले. खोटं बोलले नव्हते. आरशात चमकलेली तार त्यांना आजही जशीच्या तशी दिसे. वैमानिकाची चूक असावी, असं अहवालात आलं. शरदचंद्रांनी स्वतःहून भांडारात बदली मागून घेतली आणि पुन्हा कधी शेपटीला हात लावला नाही. पण आरशात तार एक दिसली होती की दोन, हे त्यांना गेली सदतीस वर्षं काही केल्या आठवत नव्हतं.

यंदा ऑक्टोबरात कुंपणाआत जायची परवानगी मिळाली. सोबत क्रूगर नावाचे स्वयंसेवक होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, याच विमानांचे जुने फिटर. शेपटीचा डावीकडचा पत्रा कधीच काढलेला होता. उजवीकडची झडप शाबूत होती. शरदचंद्रांनी त्या झडपेतून आरसा घालून फोटो काढला. वरचा नट दिसला, त्याची गंजलेली तारही दिसली. खाली फक्त एक जाड नळी. त्यांनी आरसा तिरपा केला, उलटा धरला, ओल्या गवतात गुडघे टेकले. नळीच. मग डावीकडून, उघड्या बाजूने फोटो काढला. नळीच्या मागे खालचा नट नीट बसलेला होता.

"तनू, त्यांना विचार, खालचा नट ते कुठून पाहायचे."

क्रूगर विमानाच्या पोटावर थापा मारत बराच वेळ बोलले.

"पोटाखालचं झाकण काढून," तनया म्हणाली. "कधीकधी. शेपूट जॅकवर घ्यावी लागायची, दोन तास मोडायचे म्हणे."

"इमर म्हणाले ते. पावाच्या दुकानावर रोज वाचतो मी तो शब्द. म्हणजे नेहमी, कधीकधी नव्हे."

क्रूगर हसत आणखी काही सांगत होते. नवखा माणूस बाजूच्या झडपेतून वरचा नट पाहतो आणि खूश होऊन बिअर प्यायला जातो, असं काहीसं. ते तनयाने मराठीत सांगितलं नाही. शरदचंद्रांनीही विचारलं नाही.

घरी संगणकावर दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून ते बसून राहिले.

"बाबा, दिसली नाही म्हणजे तार नव्हतीच, असं थोडंच आहे?"

"नाही."

"मग?"

"मी पाहिली असं सांगितलं. त्या पोराच्या नावावर चूक गेली."

श्रीपादच्या आई, स्नेहलताबाई, पुण्यात होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. अपघातानंतर भेटायला गेले होते तेव्हापासून दर वर्षी नोव्हेंबरात, श्रीपादच्या वाढदिवसाला, शरदचंद्र त्यांना फोन करत. या वेळी काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं. चारच ओळी होत्या. फोन स्पीकरवर टाकून तनयाला त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

पण बाईच आधी बोलू लागल्या. गुडघे, डोळ्यांत घालायचे औषधाचे थेंब, सोबतीला राहणारी बाई गावी गेलेली. मग म्हणाल्या, "आमचा श्रीपाद लहानपणापासून उतावळाच हो, शरदराव. केली चूक. इतकी वर्षं मी राग धरला त्याच्यावर, फोटोसुद्धा कपाटात टाकला होता. आता म्हटलं, किती दिवस राहिलेत माझे? परवा लावला पुन्हा भिंतीवर. माफ केलं त्याला."

तनयाने कागदाकडे बोट केलं. शरदचंद्रांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"बरं केलंत, मावशी," ते म्हणाले.

तनया उठून आत गेली. तिकडे थंडी फार आहे का, लेक गरम जेवायला घालते ना, असं बाई विचारत होत्या. आज मुगाची खिचडी होती, तूप जरा जास्तच घातलं होतं, असं शरदचंद्रांनी त्यांना सांगितलं.