छोट्या मालकांच्या मोटारीचा आवाज

मालगुजारी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात छोटे मालक आपली मोटार घेऊन माझ्याकडे आले. गोंदियात स्टेशनाकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर टिनाच्या छपराखाली माझं गॅरेज होतं. लढाईच्या काळात चार वर्षं मी आसामकडच्या लष्करी वर्कशॉपात काढली होती. परत आलो तेव्हा हातात एवढीच विद्या होती, म्हणून तीच चालवत होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायको केशोरीची, धानाची शेती करणाऱ्या घरातली.

छोटे मालक म्हणजे अर्जुनीकडच्या एका मालगुजाराचा धाकटा मुलगा. गावं सरकारात जमा झाली होती, पण त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मोटार त्यांनी देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज मॅनेजराकडून घेतलेली. दोन दारांची, उघड्या टपाची, लांब नाकाची, सहा सिलिंडरची. धावण्यासाठीच जन्माला आलेली गाडी. अशी गाडी मी वर्कशॉपातसुद्धा पाहिली नव्हती.

"मिस्त्री, ही बोलतच नाही," ते म्हणाले. "हिचा गळा मोकळा कर. मैं आ रहा हूँ, ये गाँव को दो फर्लांग से मालूम होना चाहिए."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आधी आमच्यापुढे कोतवाल पळायचा, लोकांना उठवायला. अब कोई नहीं उठता."

गाडीचा सायलेन्सर मी कापून पाहिला. पत्र्याचा लांबट डबा, आत आडवे पडदे, पडद्यांना भोकं. इंजिनातून धूर सुटतो तो धक्क्याधक्क्यानं. त्या पडद्यांवर आपटत, वळसे घेत तो दमतो आणि मागच्या नळीतून निमूट बाहेर पडतो. डबा नुसता काढून फेकला असता तरी आवाज मोठा झाला असता, पण फाटका झाला असता, मालवाहू ट्रकसारखा. मला तसं करायचं नव्हतं. मला चांगलं करायचं होतं. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

एका भातगिरणीच्या बॉयलरमधून काढून टाकलेल्या नळ्या मी आणल्या. त्यांत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची आणि भट्टीत लाल करून वाकवायचं. वाळू नसेल तर वळणावर नळी चेपते. मूळ गाडीत सहाही सिलिंडरांचा धूर एकाच ओतीव पेटीत येत होता आणि तिथं त्याची गर्दी होत होती. मी पुढच्या तिन्हींची एक नळी केली आणि मागच्या तिन्हींची दुसरी. अशानं एकेका नळीतले धक्के सारख्या अंतरानं येतात, एकमेकांना खात नाहीत, आणि आवाजाला सूर येतो. नळी रुंद घेतली की तो सूर खर्जात उतरतो, अरुंद घेतली की चिरकतो. लांबी वाढवली तरी उतरतो. मी दोन-दोन बोटं कापत होतो, गाडी सुरू करून ऐकत होतो, पुन्हा कापत होतो. पडद्यांच्या डब्याऐवजी आरपार जाळीची नळी बसवली आणि तिच्याभोवती लोखंडाचा कीस भरला, म्हणजे कर्कशपणा तेवढा शोषला जावा.

बारा दिवसांनी आम्ही गाडी कामठ्याच्या रस्त्यावर काढली. उभी असताना ती पोटातून गुरगुरत होती. पाय दाबला की आवाज घोगरा व्हायचा, आणखी दाबला की एक सलग ताणलेला सूर निघायचा आणि पाठीच्या मणक्यात शिरायचा. खरं सांगायचं तर कमी वेगात गाडीची ओढ पहिल्यापेक्षा थोडी कमीच झाली होती. पण आवाज वाढला की वेग वाढला असंच बसणाऱ्याला वाटतं. छोट्या मालकांना तसंच वाटलं, आणि मी ते खोडून काढलं नाही.

कामठा गाव जवळ आलं तेव्हा त्यांनी पाय उचलला, आणि मागून बंदुकीसारखा बार झाला. मग आणखी दोन. एका सांध्यातून बाहेरची हवा आत जात होती आणि न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटत होतं. सांधा आवळला की हे थांबतं. पाना माझ्या मांडीवरच होता. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई दचकून भाऱ्यासकट रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसली. छोटे मालक खो खो हसले.

"रहने दे, मिस्त्री! हेच तर पाहिजे होतं."

मीही हसलो होतो. आणि परत आल्यावर त्या सांध्याला कानशीनं एक बारीक खाच पाडून दिली, दर वेळी बार व्हावा म्हणून.

पावसाळा संपेपर्यंत ती गाडी साऱ्या मुलखाला माहीत झाली. लांबून सूर ऐकू आला की चहाच्या टपरीवरचे लोक म्हणत, "मिस्त्री, तुमची मोटार येऊन राहिली." माझी छाती फुगायची. घरी मात्र गॅरेजातलं मी काही काढत नसे.

पूस महिन्यात, ऐन थंडीत, केशोरीहून निरोप घेऊन एक माणूस आला. माझा मोठा साळा, बायकोचा थोरला भाऊ, धानाची पोती बैलबंडीत भरून अर्जुनीच्या गिरणीकडे निघाला होता. तलावाच्या पाळीवर, जिथं एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल उतार, तिथं बैल बुजले. बंडी उताराकडे गेली, तो ओढला जाऊन पडला आणि भरल्या बंडीचं चाक गुडघ्यावरून गेलं. त्याला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं होतं.

मी धावतच गेलो. साळा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. कमी बोलणारा, अंगानं दणकट. माझं लग्न त्यानंच जमवलं होतं. लष्करात राहून आलेल्या मिस्त्रीला मुलगी द्यायला घरातले कुरकुरत होते तेव्हा 'हा माणूस खोटा नाही' असं त्यानंच सांगितलं होतं. पाय फळ्यांत बांधलेला. चेहरा राखेसारखा.

"कसे बुजले बैल?" मी विचारलं.

"मोटार होती, जवाई. आंदी नुसता आवाज आला. बैलायनं कान टवकारले तं मी खाली उतरून कासरा धरला. मंग ते मोटार जवळ आली अन् बंदुकीवानी बार झाला. दोनदा. माह्या हातात काईच राह्यलं नाही."

"मोटार थांबली नाही?"

"कायले थांबते?"

बायको पायथ्याशी बसून रडत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. अशी मोटार त्या मुलखात एकच होती.

मी कुणालाही काही बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू असं म्हणत आठवडा गेला. सासऱ्यांनी ठाण्यात तक्रार दिली होती. छोट्या मालकांनी आपण तिथून गेल्याचं नाकारलं नाही. गाडी हळू होती, बैल बुजरे होते, एवढंच त्यांचं म्हणणं. जमादारानं ठरवलं की पंचांसमोर तीच गाडी त्याच पाळीवरून चालवून पाहायची.

त्याच्या आदल्या दिवशी सकाळी छोटे मालक गॅरेजात आले.

"पुराना सायलेन्सर पडा है ना? तो लाव. उद्यापुरता."

"काऊन?" मी विचारलं, जसं मला काही माहीतच नव्हतं.

"कुणी एक बंडीवाला बोंबलून राहिला." मग ते सहज म्हणाले, "तुझ्या भल्याचं सांगतो, मिस्त्री. ही नळी कुणी बनवली, हेसुद्धा लोक विचारतील."

तो बंडीवाला माझा कोण लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. हात वर करून 'नाही' म्हणता आलं असतं. मी जॅक लावला आणि गाडीखाली शिरलो. कापलेला डबा जोडला, पडदे नीट बसवले, ओतीव पेटी परत चढवली. सांध्यांना अॅस्बेस्टॉसची नवी दोरी गुंडाळून आवळली. थातुरमातुर काम केलं असतं तरी चाललं असतं, पण मी ते नीट केलं. गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या शिंप्याच्या यंत्राचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

घरी आलो तर सासरे येऊन बसलेले.

"जवाई, तुमाले मोटारीतलं समजते," ते म्हणाले. "आमी आडाणी लोकं. उद्या तुमी आमच्या बाजूनं उभे राहा."

बायकोनं माझ्याकडे अशा आशेनं पाहिलं की मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाळीवर पन्नास-साठ माणसं जमली होती. साळ्याला दवाखान्यातून रेल्वेनं अर्जुनीपर्यंत आणि पुढे खाटेसकट बंडीत घालून आणलं होतं. पाळीच्या कडेला जमादारानं एक बैलजोडी उभी करवली. गाडी आली. छोटे मालक ताठ बसून सावकाश चालवत होते. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा चाकांखालचा मुरूम तेवढा वाजला. बैलांनी मानसुद्धा वळवली नाही. एक बैल रवंथ करत राहिला. कुणीतरी हसलं, मग आणखी चारजण.

"फिरून घ्या," सासरे ओरडले. "हे ते आवाज नोहे!"

गाडी पुन्हा फिरवली. पुन्हा तसंच. तिचा खरा आवाज ऐकलेले बरेचजण तिथं होते, पण छोट्या मालकांसमोर पुढे कुणी आलं नाही.

जमादार माझ्याकडे वळला. "तुम्ही मिस्त्री ना? सांगा, अशा गाडीचा बंदुकीसारखा आवाज होतो का?"

माझ्यामागे सासरे उभे होते. डावीकडे खाटेवर साळा. समोर छोटे मालक गाडीच्या दारावर हात ठेवून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत साधी उत्सुकता होती, जशी तमाशा बघणाऱ्याच्या नजरेत असते.

"कधी कधी होतो, साहेब," मी म्हणालो. "पण ही गाडी तशी दिसत नाही."

जमादारानं लिहून घेतलं. तक्रार तिथंच संपली. परतताना सासरे म्हणाले, "तुमी खरं तेच बोलले, जवाई. तुमचा दोष नाही. त्यायनंच काई केलं असन." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मी घरापर्यंत वागवलं.

महिन्याभरानं छोट्या मालकांचा ड्रायव्हर माझ्याकडे पडलेल्या त्या नळ्या पुन्हा बसवून घ्यायला आला. मी नाही म्हणालो. नळ्या उचलून त्याच्या गाडीत टाकल्या. मला वाटलं आपण मोठंच काही केलं. छोट्या मालकांनी रायपूरकडच्या कुणा वेल्डरकडून त्या बसवून घेतल्या. त्यानं लांबी बिघडवली होती. गाडी डबा बडवल्यासारखी वाजू लागली. पहिल्यांदा ती तशी ऐकली तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं? माझा सूर नासवला हे आलं. साळ्याचा पाय नंतर आठवला. स्वतःची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

पाय राहिला, पण गुडघा वाकेना. चिखलात उभं राहून धानाची रोवणी करणं त्याला जमेना. ठोक्यानं, म्हणजे खंडानं, घेतलेल्या धानाच्या बांध्या शेतमालकानं दुसऱ्याला दिल्या. तो ओसरीत बसून अंबाडीच्या दोऱ्या वळायला लागला.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर आम्ही केशोरीच्या मंडईच्या जत्रेला गेलो. घरातली सगळी माणसं मंडईत गेली आणि ओसरीत आम्ही दोघंच उरलो. तो दोरी वळत होता. मी सगळं सांगितलं. नळ्या, ती खाच, आदल्या दिवशीचं काम. त्याचे हात थांबले नाहीत.

"मले ते त्याच दिवशी समजलं," तो म्हणाला.

"कसं?"

"सारी लोकं मोटारीकडे पाहून राहिले होते. मी तुमच्याकडे पाहून राहिलो होतो. मोटार येऊन राहिली होती अन् तुमी खाली पाहत होते."

"मग बोलले का नाही?"

"माह्या बहिणीचा नवरा तुमी. काय बोलू?"

मी म्हणालो, "मले माफ करा."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "आता सांगून काय करू मी, जवाई? तवा सांगाचं होतं. तवा सांगतलं असतं तं माह्या बापाले लोकं हासले नसते. पायाचं जाऊ द्या, पाय तं गेलाच होता." मग म्हणाला, "तुमचं मन हलकं झालं असन आता. माह्यं नाही झालं."

परतीच्या गाडीत मी बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मांडीवरच्या आमच्या लहान मुलीचे केस सारखे केले आणि एकच विचारलं, "कायले केलं जी तुमी असं?"

"भेव वाटलं."

"कोनाचं? त्याची मालगुजारी तं गेली होती."

आमचा संसार पुढे चालला. तिनं कधी मोठ्यानं भांडण काढलं नाही, माहेरी कुणाला काही सांगितलं नाही. पण कुणी माझ्या हातच्या कामाची तारीफ केली की ती उठून आत निघून जायची. पाहुण्यांना वाटायचं, चहा ठेवायला गेली.