जावईबापूंचा कोमट सोडा

आपला नवरा मूर्ख आहे हे सोडावाल्यांच्या लेकीला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. तो मूर्खपणा दुसऱ्यांना शिकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, हे कळायला थोडा वेळ लागला. बाबा थकले होते आणि कारखाना कोणाच्या हाती द्यायचा ते आता ठरवणार होते. शाळा सुटल्यापासून ती तिथेच राबत होती आणि कारखाना तिला हवा होता, अगदी मनापासून. नवरा मात्र नुसता आयत्या पिठावर रेघोट्या ओढत हिंडायचा.

त्याचं नवं खूळ म्हणजे खारा सोडा. त्यासाठी त्याने पिंपभर पाण्यात मीठ ओतलं. तळाशी थर साचला, तरी आणखी ओतलं. पाणी काही जास्त खारट होईना. तिने समजावून पाहिलं, की पाण्याचं पोट भरलंय, आता तळातलं जेवढं विरघळतं तेवढंच पाण्यातलं परत खाली बसतं, वरून पोतं रिकामं केलंत तरी थरच वाढेल. त्यावर साहेबांनी निदान केलं की ढवळणाऱ्यांच्या मनगटात जोर नाही. बिचाऱ्या कामगारांचे हात भरून आले.

मग चहा पिताना साहेबांची ट्यूब पेटली. गरम चहात साखर भराभर विरघळते, म्हणजे पाणी तापवायला हवं! तापवल्यावर मीठ किंचितच जास्त विरघळलं, आणि पाणी निवल्यावर तेवढंही तळाशी जाऊन बसलं. पण अक्कल पाजळायची हौस अशी भागते थोडीच? त्याने पाणी गार करणारं यंत्रच बंद केलं आणि कोमट पाण्यात गॅस सोडायला लावला.

"गॅसचं उलटं असतं. गार पाण्यात तो जास्त मावतो, पाणी तापलं की बाहेर पळतो," ती म्हणाली.

"साखर विरघळते, मीठ विरघळतं, मग गॅसनंच काय घोडं मारलंय?"

ती मनातून खूश झाली. नव्या सोड्याची पहिली बाटली शेवटी बाबांसमोर उघडायची होती. पूर्वी एका सपक बाटलीपायी बाबांनी जुन्या कामगाराला घरी बसवलं होतं. जावईबापूंची आता चांगलीच जिरणार होती.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसात येऊन बसले. नवऱ्याने ऐटीत बाटली उघडली. बंद झाकणाखाली दाबाने कसाबसा टिकलेला गॅस फुस्स करून निघून गेला. चार बुडबुडे वर आले आणि मागे उरलं खारट, कोमट पाणी.

बाबांनी ग्लासात ओतून घोट घेतला आणि क्षणभर थांबले. तिला हसू आवरेना. मग त्यांनी ग्लास तळापर्यंत रिकामा केला.

"छान जमलाय, जावईबापू," ते म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे सरकवला.

नवरा कामगारांना बातमी द्यायला धावला.

"बाबा, याला तुम्ही सोडा म्हणता?"

"आता तुझ्या हातात कारखाना दिला, तर चारचौघांत जावईबापूंची काय शोभा राहील?" तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तू आहेसच की सांभाळून घ्यायला."

नवऱ्याला निदान कळत तरी नव्हतं. बाबांना पहिल्याच घोटाला कळलं होतं. इतकी वर्षं नवऱ्यासाठी राखून ठेवलेला तिरस्कार तिला एकाएकी अगदीच चुकीच्या माणसावर खर्च केल्यासारखा वाटला.