मिश्री कोण खातं का?

रंजनाताई वडगाव रासाईच्या आशा कार्यकर्त्या. त्यांचं नाव आधी लिहिते, कारण चूक माझी होती आणि ती त्यांनी पकडली.

दातांचा कॅम्प त्यांच्या गावातल्या विहाराच्या हॉलमध्ये होता. मी दारातल्या टेबलावर फॉर्म भरत होते. तळेगाव ढमढेऱ्यातल्या एका दवाखान्यात मी डेंटल असिस्टंट आहे. म्हणजे औजारं धुऊन निर्जंतुक करायची, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढणारी नळी धरायची, नंबर पुकारायचा. शाळा नववीत सुटली. गाव गोंदियाकडे, इथे नात्यातलं कुणी नाही. त्यामुळे दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं करायचं, हा माझा नियम.

फॉर्मवर प्रश्न होता : तंबाखू खाता का? 'हो' आलं की पेशंट मॅडमकडे. त्या ओठ आणि गाल उलटून आतली कातडी बघायच्या. 'नाही' आलं की शिकाऊ डॉक्टरांकडे. ते दात बघून पेस्टची ट्यूब द्यायचे. गर्दी फार, म्हणून ही वाटणी.

दात कशानं घासता, हे मी आपलं बोलता बोलता विचारायचे, पुरुषांना आणि पोरांना. शाळेतली पोरं दोनदा ब्रश करतो म्हणायची आणि मागून आई म्हणायची, "खोटं बोलतंय." कंपनीतल्यांचं शिफ्टवर अवलंबून, नाइट असली की राहिलंच. एक बिहारी कामगार मलाच विचारत होता, "यहाँ दातून किधर मिलेगा, दीदी?" राहू गावाहून आलेल्या बागायतदार आबांना लेकानं बॅटरीचा ब्रश आणून दिला होता. "त्यो तोंडात गुरगुरतो," आबा म्हणाले, "आपली निंबाची काडी बरी."

तंबाखूच्या रकान्यात पुरुषांचे 'हो' पडत होते. बायकांचं एकजात 'नाही'.

पार्वताआत्या आल्या, साठीच्या, कांदा काढता काढता उठून.

"आत्या, तंबाखू खाता का?"

"या बया, म्या कशाला खाईन? धन्याची पुडी म्या चुलीत घातलीया."

मी 'नाही' लिहिलं. त्या ट्यूब घेऊन परत रानात गेल्या.

रंजनाताई पाण्याचा जग ठेवायला आल्या आणि फॉर्मच्या गठ्ठ्याकडे बघत थांबल्या.

"पोरी, सगळ्या बायांचं 'न्हाई'?"

"सगळ्यांनी तसंच सांगितलं, ताई."

"खोटं न्हाई सांगितलं. तू खायचं इचारलंस. मिश्री कोण खातं का? मिश्री लावत्यात."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. सकाळी बोटानं दातांना लावायची, मग ओठात धरून झाडलोट उरकायची. बायकांच्या लेखी ते दात घासणं, तंबाखू नव्हे. माझी आई रोज गुडाखू लावते. तीही तंबाखूच, गुळात कालवलेली. मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हणाले असते, आमच्या घरी कुणी तंबाखू खात नाही.

निम्म्या बायका ओठ-गाल आतून न तपासताच घरी गेल्या होत्या. मॅडमना सांगावं तर नोकरी जाईल, असं वाटलं. रंजनाताईंनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि पुढे चालू लागल्या.

मॅडमनी ग्लोव्ह्ज न काढता ऐकून घेतलं.

"किती जणी?"

"सगळ्याच, मॅडम. निम्म्या घरी गेल्यासुद्धा."

"गेलेल्यांना बोलावणार कोण?"

"म्या आनते," रंजनाताई म्हणाल्या. "पर तुमचा प्रश्न बदला."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काय विचारशील?"

"सकाळी दातांना काय लावता?"

"मग तेच विचार. उभी काय राहिलीस?"

रंजनाताई स्कूटीवरून वस्त्या फिरल्या. बायका कुरकुरत परतल्या. पार्वताआत्या सगळ्यांत शेवटी.

"आत्या, सकाळी दातांना काय लावता?"

"मिश्री. मंग काय, कुंकू लावू?"

मॅडमनी त्यांचा खालचा ओठ उलटला. आत पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. मॅडमनी पुण्याच्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे बायोप्सी झाली, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण आणखी काही वर्षं तसंच चाललं असतं तर होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. चट्टा काढून टाकला. "मिश्रीबिगर पोट साफ हुईना," म्हणून आत्या मॅडमशी दोन महिने भांडल्या. आता सोडली आहे. निदान आमच्यापुढे तसं म्हणतात.

आमच्या फॉर्मवर आता दोन प्रश्न आहेत, खायचा वेगळा आणि लावायचा वेगळा. माणसं विचारलं तेवढंच सांगतात. नीट विचारणं हे टेबलावर बसलेल्याचं काम.

रंजनाताईंची स्वतःची खालची दाढ वर्षभर किडलेली आहे. गावाला धरून आणतात, स्वतःला मात्र दवाखान्यातली खुर्ची दिसली की लसीकरण आठवतं. एक ना एक दिवस त्यांना त्या खुर्चीत बसवेन, आणि मॅडमचं काम संपेपर्यंत एका हातात नळी आणि दुसऱ्यात त्यांचा हात धरून उभी राहीन. दाढ पडायच्या आत.