कापलेला सा

झोपायचं नाही, नुसतं टेकायचं, असं हेमांगी स्वतःला तिसऱ्यांदा बजावते आणि ऑर्गनच्या वरच्या फळीवर कपाळ ठेवते. दुपारचे अडीच वाजलेत. सांगलीतलं हे नाट्यगृह या वेळी अगदी सुस्तावलेलं असतं. पंखे बंद, खुर्च्या रिकाम्या, कँटीनमधली भांडी घासल्याचा आवाज तेवढा लांबून येतोय. पोटात दोन भाकऱ्या आणि भरलं वांगं गेलेलं, आणि दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. अशा बाईला झोप येणार नाही तर काय होणार.

झोप उडायला कारणही तसंच आहे. ‘संगीत रत्नवेणी’ हे पंचावन्न वर्षांपूर्वीचं नाटक पुन्हा उभं राहतंय. शनिवारी शुभारंभ आहे. त्याआधी निमंत्रितांसाठी तीन पूर्वप्रयोग ठेवलेत, त्यातले दोन झाले, तिसरा आज संध्याकाळी पाचला. दिग्दर्शक निरंजन पुण्याचा, हुशार पोरगा, पण डोक्यात घड्याळ घेऊन फिरणारा. त्यानं दारातच प्रेक्षकांना अभिप्रायाचे कागद वाटले, सोबत पेन. आणि आपली माणसं फुकटचं पेन मिळालं की भरभरून लिहितात. नेपथ्य उत्तम. साड्या सुरेख. पहिल्या अंकातल्या विनोदाला खूप हसलो. एका आजोबांनी खुर्च्यांच्या गाद्यांबद्दल पाठपोट लिहिलं. तिसऱ्या अंकातल्या ‘उंबऱ्याशी थांब थोडा’ या पदाबद्दल मात्र दोन प्रयोगांत मिळून चारच ओळी आल्या, आणि चौघांचं म्हणणं एकच. पद छान, पण थंड.

थंड कसलं, गारठलेलंच होतं. पद संपलं, दिवे गेले, लोक गप्प. संगीत नाटकातलं पद आणि त्याला वन्स मोअर नाही, हे एकवेळ सोसलं असतं. पण साधी टाळीसुद्धा चाचरत यावी? निरंजननं काल सरळ सांगून टाकलं, की आजही असंच झालं तर शनिवारपासून हे पद गाळायचं, सहा मिनिटं वाचतात.

हेमांगीनं मान हलवली आणि ऑर्गन झाकून घरी गेली. नाटकातली बाकी सगळी पदं नाटक कंपनीच्या बुवांची, पण हे एक रघूमामाचं. रघूमामा म्हणजे तिच्या आईचा थोरला भाऊ. त्यानं जन्मभर या नाटकाला ऑर्गनची साथ केली, हेमांगीला वाजवायला त्यानंच शिकवलं, आणि चाल म्हणून त्याच्या नावावर आहे ती एवढी एक. पद गेलं की पुस्तिकेतून त्याचं नाव गेलं. मामाला जाऊन नऊ वर्षं झाली. आता तो पुन्हा एकदा जाणार, आणि तेही हिच्या हातून.

चूक कुठं होतेय ते कळत नाही, हेच खरं दुखणं. कारण चौऱ्याऐंशी साली निघालेली कॅसेट तिनं आणि नायिकेचं काम करणाऱ्या ऋजुतानं दोन महिने घोटलीय. कॅसेटमधली बाई जिथं श्वास घेते, तिथंच ऋजुता श्वास घेते. मामाची बोटं जिथं उठतात, तिथंच हेमांगीची उठतात. मग आणखी काय करायचं माणसानं?

फळी कपाळाला गार लागते. पाय भात्यांवर आहेत, हात पट्ट्यांवर तसाच राहिलाय. भांड्यांचा आवाज लांब जातो, मग आणखी लांब.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

हेमांगी सरकते. रघूमामा बाकावर तिच्या शेजारी बसतो. बाक एका माणसाचा, पण दोघं आरामात मावतात. मामा आता नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. त्याच्या तेराव्याचे लाडू तिनंच वळले होते. तरी त्याच्या अंगाला तोच ओव्याचा वास येतोय, आणि त्याचं काही विशेष वाटत नाही.

"मामा, तुझं पद जातंय," ती सांगून टाकते.

"ते बघू नंतर. खायला काय आहे?"

हे मात्र त्याचं मेल्यावरही सुटलेलं नाही. ती उठते तर मामाच्या मिरजेच्या घराचं स्वयंपाकघर आहे. ऑर्गन शेगडीच्या जागी ठेवलाय, आणि फळीवरच्या डब्यांवर अ-१, अ-२ असे खुर्च्यांचे आकडे घातलेत. ताटात ती अभिप्रायाचे कागद वाढते. मामा मटार सोलावेत तसे ते एकेक उलगडतो, वाचतो, बाजूला ठेवतो. गाद्यांवाल्या आजोबांचा कागद त्याला फार आवडतो, तो त्यानं दोनदा वाचलाय.

मग तो सांगायला लागतो, की आमच्या वेळी नाटक मुंबईला न्यायच्या आधी आसपासच्या गावांत रंगीत तालीम करायचे, तीही तिकीट न लावता. आष्ट्याला पहिल्याच तालमीला दुसऱ्या अंकात निम्म्या पुरुषांनी बिड्या पेटवल्या. तासगावला एक बाई मांडीवरचं पोर घेऊन उभी राहिली आणि नायिकेला म्हणाली, बाई गं, त्या राजाच्या नादी लागू नकोस, त्याच्या डोळ्यात खोट आहे. नायिका एवढी घाबरली की पुढचं वाक्यच विसरली. कागद कुणी दिला नव्हता, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते त्यानं तोंडानंच सांगायचं. शिव्या तिथल्या तिथं, आणि शाबासकीही तिथल्या तिथं.

"आणि तुझ्या पदाला काय झालं?" हेमांगी विचारते.

"वाजवून दाखव," मामा म्हणतो. "शेवट दाखव नुसता."

ती मागं वळते तर डबे नाहीत, स्वयंपाकघर नाही. मोठा मांडव आहे, खाली सतरंज्या, आणि त्यांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. पटके आहेत, गांधीटोप्या आहेत, एका अंगाला बायका, त्यांच्या पदराआड पेंगलेली पोरं. पहिल्या रांगेत गाद्यांवाले आजोबा आहेत, कालच्या प्रयोगाला आलेली हिरव्या साडीतली प्राध्यापक बाईही आहे. पंचावन्न वर्षांपूर्वीचे लोक आणि कालचे लोक एकमेकांना खेटून बसलेत, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. ऑर्गन आपल्या नेहमीच्या जागी, रंगमंचाच्या पुढ्यात. म्हणजे वाजवणाऱ्याचं तोंड नटांकडे आणि पाठ लोकांकडे.

हेमांगी शेवटची ओळ वाजवते. सम येते, तबल्याची थाप पडते, आणि कॅसेटमध्ये आहे तशीच तिची बोटं उठतात. ऑर्गन बंद. मांडव गप्प.

मामा तिच्याकडे बघतच राहतो.

"हे कुठं शिकलीस?"

"कॅसेटवर असंच आहे. तुझंच वाजवणं आहे, मामा."

मामाला हसू फुटतं. आधी गालात, मग पोटातून, मग ठसका लागेपर्यंत. हेमांगीला राग येतो. नऊ वर्षांनी भेटलाय आणि खिदळतोय काय. ठसका थांबल्यावर तो डोळे पुसत सांगतो, की ती कॅसेट बेळगावच्या प्रयोगात ध्वनिमुद्रित केलेली. त्या दिवशी पदाला तीन वन्स मोअर पडले. पण कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मावतो, मग तो ध्वनिमुद्रणवाला पोरगा ब्लेड घेऊन बसला आणि त्यानं लोकांचा गलका फितीतून कापून काढला.

"त्या गलक्याखाली माझा सा होता," मामा म्हणतो. "तोही गेला कापून. आणि तुम्ही शहाण्यांनी तो कापलेला शेवट पाठ केलात."

हेमांगी स्वतःच्या बोटांकडे बघते. दोन महिने. दोन महिने तिनं आणि त्या पोरीनं ब्लेडचा रियाज केला.

"मग काय करायचं होतं?"

"काही करायचं नाही. गाणारीनं हात खाली घ्यायचा नाही, तू सा सोडायचा नाही. पद संपलं हे आपण कोण ठरवणार? ते लोक ठरवतात. त्यांना जरा वेळ द्यायचा असतो, हेमे."

हेमे. नऊ वर्षांत तिला कुणी हेमे म्हटलेलं नाही. मामा आता रडूबिडू देणार नाही, ते तिला ठाऊक आहे. तो वर रंगमंचाकडे बोट दाखवतो. तिथं पिवळ्या साडीत कुणीतरी उभं आहे. चेहरा दिसत नाही. आवाज लागतो तेव्हा कळत नाही की ही कॅसेटमधली बाई आहे का ऋजुता. कधी ही वाटते, कधी ती.

उंबऱ्याशी थांब थोडा, सांजवेळी पाहुण्या.

हेमांगी वाजवते. सगळं तसंच, एक मात्राही इकडची तिकडे नाही. शेवटची ओळ येते, सम येते, थाप पडते, आणि तिची बोटं सवयीनं उठायला निघतात. तेवढ्यात मामा आपला पाय तिच्या पायावर ठेवतो. ठेवतो कसला, दाबतोच. पायात कोल्हापुरी, तीही चांगली दोन बोटं जाड. हेमांगी कळवळते, पण भाता हलतच राहतो आणि सा तसाच वाजत राहतो.

"दुखतंय, मामा."

"पाठीनं ऐक."

ती ऐकते. एक क्षण जातो, दुसरा जातो. लाज वाटेल इतका वेळ जातो. मग मागं कुणाची तरी बांगडी वाजते. कुणीतरी आवंढा गिळतं. एक म्हातारा माणूस नाकानं जोरात श्वास घेतो आणि सोडायचं विसरतो. तिला पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटतं. अरे, ही माणसं थंड नव्हतीच. कालही नव्हती, परवाही नव्हती. त्यांच्या ओठांवर काहीतरी येत होतं आणि आपणच दिवे घालवत होतो. तिला स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटते, आणि त्याच वेळी असा आनंद होतो की तो अंगात मावत नाही.

"वन्स मोअर."

अगदी मागून आलाय आवाज, घोगरा, थोडा संकोचलेला. मग दुसरा येतो, मग बायकांच्या बाजूनं एक, आणि मग मांडव कोसळतो की काय असं होतं. पटके हवेत जातात. पेंगलेली पोरं दचकून उठतात आणि तीही ओरडायला लागतात. गाद्यांवाले आजोबा सतरंजीवर उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटताहेत. तासगावची बाई मांडीवरचं पोर शेजारणीकडे देऊन शिट्टी घालते.

आणि रघूमामा उठतो. आख्खा जन्म लोकांकडे पाठ करून बसलेला हा माणूस पहिल्यांदा वळतो आणि समोर बघतो. हळूहळू बघतो, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, कुणी राहायला नको म्हणून. मग हात जोडतो. त्याचं तोंड हेमांगीला दिसत नाही, पण कान लाल झालेले दिसतात. मामाचं असंच होतं, त्याला आनंद झाला की कान लाल होतात.

"मामा, थांब ना," ती म्हणते.

"मी कुठं निघालोय? तू सोडू नकोस," तो म्हणतो, आणि गर्दीत उतरतो.

"वन्स मोअर, ताई. खरंच."

हेमांगी डोळे उघडते. कपाळावर फळीच्या कडेचा वळ आहे, तोंडाला कोरड पडलीय, पाय भाते मारताहेत आणि नाट्यगृहभर सा भरून राहिलाय. हा आवाज मांडवातून आलेला नाही. रंगमंचाशेजारच्या वरच्या प्रकाशयोजनेच्या खोलीतून बबन अर्धा बाहेर वाकलाय, महिनाभर तालमी बघूनही ज्यानं बटणांवरून मान वर केली नव्हती, तो बबन.

रंगमंचावर ऋजुता आहे. अर्ध्या चेहऱ्याला रंग, अर्धा तसाच, अंगात घरचा सलवार कुर्ता. हात अजून पदाच्या शेवटच्या ओळीवर होता तसाच पुढे धरलेला. नंतर ती सांगते, की मी गळा मोकळा करायला आले, तुम्ही सा धरून बसलेल्या दिसलात, म्हटलं तयारी चाललीय, म्हणून पद घेतलं. पद संपलं तरी तुम्ही सोडेनात, मग मी तरी हात कसा खाली घेऊ?

हेमांगी वळते. आपल्या जागेवरून ती पहिल्यांदाच वळून बघतेय. कँटीनच्या दारात भांडी घासणाऱ्या दोघी ओल्या हातांनी टाळ्या वाजवताहेत. दारवान उभा आहे. पोशाख शिवणारे काका सुई तोंडात धरून उभे आहेत आणि त्यांचे डोळे भरलेत. सगळी मिळून सहा-सात माणसं. पण टाळी थांबत नाही.

मधल्या वाटेत निरंजन आहे, काखेत कागदांचा गठ्ठा. त्यानं गठ्ठा एका खुर्चीवर ठेवलाय.

"शेवटी थांबला का नाहीत?" तो विचारतो. आवाजात राग नाही.

"ती कॅसेट कापलेली आहे," हेमांगी म्हणते. "लोकांचा आवाज काढून टाकलाय, आणि त्याबरोबर हा सा गेला. पद इथं संपत नाही."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ज्यानं वाजवलं त्यानं."

निरंजन तिच्याकडे बघतो, मग ऋजुताच्या पुढे धरलेल्या हाताकडे बघतो. पोरगा घड्याळवाला असला तरी बहिरा नाही. तो मान वर करून बबनला सांगतो, की आजपासून या पदाच्या शेवटी अंधार करायचा नाही, ऑर्गन थांबेल तेव्हाच. बबन विचारतो, किती वेळ? निरंजन म्हणतो, लोक म्हणतील तेवढा वेळ. शनिवारीही, आणि पुढेही. पद राहतंय.

ऋजुता वरूनच रडत हसते. दारवान म्हणतो, अहो, मग आत्ताचा वन्स मोअर बुडाला का आमचा? सगळे हसतात. हेमांगी बाकावर नीट बसते आणि भात्यांवर जोर देते, तर उजव्या पायातून कळ जाते. ती साडीचा काठ वर घेऊन बघते. पावलाच्या वरच्या अंगाला लाल ठसा उमटलाय, जाड चपलेच्या तळव्याचा, टाका न टाका मोजता येईल असा. ऑर्गनला बसताना ती अनवाणी असते. तिची चप्पल विंगेत पडलीय, आणि ती रबराची आहे.

पाय ठणकतोय. ठणकू दे, असं म्हणून ती काठ खाली सोडते आणि पद पुन्हा पहिल्यापासून धरते.