‘लवती’ अक्षरांचे शेवडे सर

शेवडे सरांची आणि माझी पहिली भेट इंदूरजवळच्या राऊ गावातल्या आमच्या कॉलेजात झाली. नोकरीसाठी मी नुकतीच सांगलीहून इंदूरला आले होते. माझ्या विद्यार्थ्यांनी एक पोस्टर केले होते. सगळा मजकूर सरांनीच घडवलेल्या ‘लवती’ या तिरप्या टाइपात, म्हणजे छापील अक्षरवळणात. पाहुणे म्हणून आलेले सर त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. कौतुकाच्या अपेक्षेने मी जवळ गेले. ते म्हणाले, “मॅडम, सगळेच कुजबुजायला लागले तर ऐकायचं कुणाचं?”

‘लवती’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. उजवीकडे किंचित कललेली, बारीक-जाड होत जाणारी, टोकांना नाजूक पाय असलेली ती अक्षरे हळू आवाजात बोलल्यासारखी वाटतात; कवितेला, पत्राला, पत्रिकेतल्या नावांना शोभतात. औषधाच्या खोक्यावर ती वापरू द्यायला सरांनी स्वच्छ नकार दिला होता.

पण सर मला खरे कळले ते सखूबाईंमुळे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या आमच्या सहकारी सुनंदाताईंच्या त्या आई. सुनंदाताईंचे वडील तरुणपणी इथल्या मिलमधून गावी पत्रे पाठवत. सखूबाईंना तेव्हा वाचता येत नसे. शेजारी वाचून दाखवत. पती गेल्यावर, उतारवयात, त्या लेकीकडून वाचायला शिकल्या. पण पत्रांतले घाईचे अक्षर त्यांना लागेना. म्हणून सुनंदाताईंनी पत्रांचे छोटे पुस्तक छापायचे ठरवले. मांडणी सरांनी आपणहून अंगावर घेतली. सुनंदाताईंच्या टिपा सरळ टाइपात, वडिलांचे शब्द ‘लवती’त.

छपाईआधीची पाने घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. सखूबाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवले. “प्रिय... सरवू.” त्या थांबल्या. “ही सरवू कोण गं?”

सुनंदाताई हसल्या. “आई, सखू आहे ते! तूच.”

सखूबाई ओशाळल्या. “जाऊ दे. मला कुठं बरोबर येतं अभी,” म्हणत त्यांनी पाने बाजूला सारली.

सर हसले नाहीत. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेले. ‘ख’मधले ‘र’ आणि ‘व’ खरोखरच सुटे दिसत होते. “सखूबाई, तुम्ही बरोबर वाचलंत. गलती माझ्या अक्षराची आहे.” तिथूनच त्यांनी छापखान्यात फोन लावला आणि खास इंदुरी ढंगात सांगितले, “भिया, छपाई रोको.”

आठवडाभर ते तेच एक अक्षर काढत होते. ‘र’ची शेपटी ‘व’ला जुळायला हवी, पण अक्षराचा तोल जायला नको. मी म्हटले, “सर, इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही.”

“आपण सवयीनं वाचतो. त्या अक्षर वाचतात,” सर म्हणाले.

नवी पाने आली. “प्रिय सखू,” बाईंनी एका दमात वाचले. पुढे मात्र ओठच हलत राहिले. सुनंदाताई म्हणाल्या, “आई, मोठ्यानं वाच ना.” सखूबाईंनी पान छातीशी धरले. “नाही. ते मला लिहिलंय.”

सर उठले. आम्हांलाही त्यांनी खुणेनेच बाहेर बोलावले.

सरांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. सध्या ते जोडाक्षरे पुन्हा तपासत आहेत. ‘क्ष’ अजून मनासारखा उतरत नाही, असे परवाच म्हणाले. तो उतरो, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे त्यांचा हात स्थिर राहो, नजर स्वच्छ राहो, प्रकृती ठणठणीत राहो. सर, सावकाश काढा. आम्हांला तुम्ही पुष्कळ वर्षे हवे आहात.